फक्त तुलाच सांगतेय

दोघी बहिणी एकाच धंद्यातल्या होत्या, आणि तो धंदा नेमका काय आहे हे त्यांच्या वडिलांना कधीच धड सांगता आलं नाही. कोणी विचारलं की ते म्हणायचे, "दोघी कुलपांचं काम करतात. मोठी बनवते, धाकटी लावते." उभा जन्म बसदुरुस्तीच्या कारखान्यात फिटर म्हणून काढलेल्या माणसाला एवढं वर्णन पुरेसं वाटायचं, आणि खरं तर ते फारसं चुकीचंही नव्हतं.

थोरली एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. हॉस्पिटल, बँक, सरकारी कचेरी, कुठल्याही मोठ्या जागेतले कॉम्प्युटर आणि बाहेरचं इंटरनेट यांच्यामध्ये फायरवॉल नावाचं यंत्र बसवलेलं असतं. आत कोणाला सोडायचं आणि कोणाला दारातूनच परत पाठवायचं, हे ते ठरवतं. मोठ्या संस्थेत अशी वीस-पंचवीस यंत्रं असतात. त्या सगळ्यांना एका जागी बसून हुकूम देता यावेत म्हणून जे सॉफ्टवेअर लागतं, ते थोरलीची कंपनी बनवायची. त्या हुकमाच्या जागेला कन्सोल म्हणत. धाकटी शहरातल्या कर्करोगाच्या हॉस्पिटलात नेटवर्क सांभाळायची, आणि तिच्याकडचा कन्सोल बहिणीच्याच कंपनीचा होता. "घरचा माल आहे," ती हसून म्हणायची, "बिघडला तर कान धरायला माणूस जवळच."

त्या वर्षी वडील दिवा बदलायला स्टुलावर चढले आणि पडले. खुब्याचं हाड मोडलं. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. धाकटी वडिलांजवळ राहायची, त्यामुळे सगळं तिच्यावर आलं. त्यांना उठवणं, बसवणं, न्हाणीघरापर्यंत धरून नेणं, कुरकुर ऐकत व्यायाम करून घेणं. थोरली शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहायची. ती रविवारी फळं घेऊन यायची. आपण करतो ते कमी आहे हे तिला कळत होतं. धाकटी तसं बोलून दाखवायची नाही, तेव्हा ते जास्तच टोचायचं.

थोरलीचं काम कंपनीतही जरा वेगळं होतं. सॉफ्टवेअरमध्ये कोणाला खोट सापडली की ती कळवणारा माणूस तिच्या गटाकडे यायचा. बहुतेक वेळा त्यात काही दम नसायचा. पण एका सोमवारी सकाळी एका अनोळखी संशोधकाचा निरोप आला आणि तो वाचता वाचता तिची पाठ खुर्चीवर ताठ झाली. कन्सोलच्या पत्त्याच्या शेवटी काही ठरावीक अक्षरं जोडली, की पासवर्ड विचारायची पायरीच गळून पडते, असं त्याचं म्हणणं होतं. तिने चाचणीसाठी ठेवलेला कन्सोल उघडला, त्याने सांगितल्याप्रमाणे पत्ता टाइप केला आणि एंटर दाबलं. पासवर्डची चौकट आलीच नाही. थेट आतलं पान आलं आणि वरच्या कोपऱ्यात 'मुख्य व्यवस्थापक' अशी अक्षरं. आता तिला कुठलंही दार उघड म्हणता येत होतं, कुठलंही बंद म्हणता येत होतं. तिने पुन्हा एकदा करून पाहिलं, कारण विश्वास बसत नव्हता. मग उठून विभागप्रमुखांच्या केबिनचं दार वाजवलं.

विभागप्रमुखांना सगळे काका म्हणायचे. उन्हाळा असो की हिवाळा, जुन्या काळच्या काकांसारखे ते हातात छत्री घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नसत, त्यावरून ते नाव पडलं होतं. काकांनी स्क्रीनकडे बघितलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"किती जणांना माहीत आहे?"

"तो संशोधक, मी, आणि आता तुम्ही."

"तो गप्प राहील?"

"दुरुस्ती होईपर्यंत बोलणार नाही म्हणालाय. भला माणूस वाटतो."

दुपारी दार लावून बैठक झाली. दुरुस्ती अवघड नव्हती, पण ग्राहकांकडे सॉफ्टवेअरच्या किती तरी जुन्या आवृत्त्या चालू होत्या आणि प्रत्येकीसाठी वेगळं काम करावं लागणार होतं. दोन आठवडे तरी लागतील, असं ठरलं. तोवर ही गोष्ट त्या खोलीतल्या माणसांपलीकडे जायची नव्हती. हा नियम खुद्द थोरलीने काही वर्षांपूर्वी बसवला होता. खोट फुटली की ग्राहक जागा व्हायच्या आत चोर धावतात, हे तिने डोळ्यांनी पाहिलेलं होतं. नवीन लोक कामावर रुजू झाले की ती त्यांना बजावायची, "नवऱ्याला सांगायचं नाही, बायकोला सांगायचं नाही, आरशासमोरसुद्धा पुटपुटायचं नाही." पोरं हसायची आणि नियम पाळायची.

एकच दिलासा होता. कन्सोल हॉस्पिटलच्या किंवा कचेरीच्या आतूनच उघडेल असा ठेवलेला असला, तर बाहेरच्या चोराला त्याच्यापर्यंत पोचताच येत नव्हतं. शहाणे लोक तो तसाच ठेवतात. थोरली स्वतःला हे सांगत होती.

रविवारी ती वडिलांकडे गेली. वडील खिडकीपाशी पाय लांब करून बसले होते. जेवणाच्या टेबलावर गोळ्यांची पाकिटं, थर्मामीटर आणि अर्धं सोललेलं संत्रं होतं, आणि त्यांच्यामध्ये धाकटीचा लॅपटॉप. फळांची पिशवी ठेवताना थोरलीची नजर स्क्रीनवर गेली. तोच निळा रंग, तीच चौकट. आठवडाभर ती ज्या पानाकडे बघत होती, ते तिच्या वडिलांच्या टेबलावर उघडं होतं.

"हे काय चालवलंयस?"

"रेडिएशन विभागात नवीन मशीन आलंय, त्याला नेटवर्कमध्ये वाट करून देतेय. झालंच."

"घरून?"

"मग कुठून? बाबांचा व्यायाम, बाबांची औषधं, बाबांची अंघोळ. मध्ये सापडला वेळ तर हॉस्पिटल."

"म्हणजे कन्सोल बाहेरून, इंटरनेटवरून उघडतोय."

"आमच्या साहेबांना विचारून केलंय. पासवर्ड एवढा लांब ठेवलाय, की मी तो टाइप करेपर्यंत बाबांची एक डुलकी होते."

"दोन होतात," वडील खिडकीपाशी बसूनच म्हणाले.

थोरलीला हसू आलं नाही. "बंद कर ते."

"का?"

"चांगली सवय नाही."

"तुमच्याच माहितीपुस्तकात लिहिलंय चालतं म्हणून."

"मी सांगतेय ना, बंद कर."

धाकटीने लॅपटॉपवरून हात उचलले. "तू सांगतेयस म्हणून? ताई, मी आता शाळेत नाही. मी ते बंद केलं तर मला रोज तिकडे जाऊन बसावं लागेल. मग यांना कोण बघणार? तू येणार आहेस?"

थोरलीच्या अगदी ओठांवर आलं होतं. वडील दोघींकडे बघत होते. तिने संत्र्याची साल गोळा केली, केराच्या डब्यात टाकली, हात धुतले, आणि नेहमीपेक्षा लवकर निघाली. दारात धाकटी तिला म्हणाली, "रागावलीस काय?" आणि तिने मान हलवली. ती हो होती की नाही, हे दोघींनाही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती काकांकडे गेली. बहिणीचं नाव न लपवता सगळं सांगितलं.

"निदान कन्सोल बाहेरून बंद ठेवा, एवढं तरी सगळ्या ग्राहकांना कळवू. कारण नको सांगायला."

काकांनी नकारार्थी मान हलवली. मग म्हणाले, "एवढं म्हटलं की पुरे आहे. कुठे खणायचं ते चोराला कळतं. तो संशोधक एकटा बसून शोधू शकतो, तर शंभर जण मिळून दुपारपर्यंत शोधतील. आणि आपले अर्धे ग्राहक आपलं पत्र आठवडाभर उघडतसुद्धा नाहीत."

"मग फक्त तिला?"

"माझ्या भावाचा दवाखाना आहे. कन्सोल आपलाच. बाहेरून उघडा आहे, कारण मीच त्याला बसवून दिला होता. मी त्याला सांगितलेलं नाही." ते आवाज न चढवता बोलत होते. "तू बहिणीला सांगशील. ती भली बाई आहे, म्हणून ती आणखी एकाला सांगेल. माणसं वाईट असतात म्हणून गोष्टी फुटत नाहीत."

थोरलीला ते पटलं. केबिनमधून बाहेर पडताना अगदी मनापासून पटलेलं होतं. तीन दिवस ती त्या पटण्यावर तगून राहिली. चौथ्या दिवशी जेवणाच्या सुटीत तिने बस पकडली आणि ती कर्करोगाच्या हॉस्पिटलात गेली.

धाकटी त्या दिवशी नवीन मशीनसाठी स्वतः आली होती. तिची वाट बघत थोरली रेडिएशन विभागाच्या बाहेरच्या बाकावर बसली. समोर माणसं आपापला नंबर यायची वाट बघत होती. एक बाई डोक्यावरचा रुमाल सारखा पुढे ओढून घेत होती. एक म्हातारा आपल्या बायकोला दबल्या आवाजात सांगत होता की आज यंत्र दहा मिनिटं उशिरा सुरू झालं तर आपली शेवटची बस जाईल. दहा मिनिटांनी त्यांचं एवढं अडत होतं. यंत्रच बंद पडलं, तर? दारावरच्या दिव्याचा रंग बदलला, कोणाचं तरी नाव पुकारलं गेलं आणि रुमालवाली बाई उठली.

धाकटी आली तेव्हा थोरलीने तिला जिन्याकडे नेलं.

"ऐक. फक्त तुलाच सांगतेय. आमच्या कन्सोलमध्ये भगदाड आहे. पासवर्ड लागतच नाही. तुझा तो लांबलचक पासवर्ड काही कामाचा नाही."

धाकटीच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. तिने काही विचारलं नाही. या धंद्यातल्या माणसाला पुढचं विचारावं लागत नाही. ती पायऱ्या उतरून आपल्या खोलीत गेली आणि थोरली तिच्यामागे दारात उभी राहिली. काही क्षणांत कन्सोल बाहेरून दिसेनासा झाला.

"रविवारीच का नाही बोललीस?"

"बोलायचं नाही, असा नियम आहे. मीच केलेला."

धाकटीने तिचा हात धरला. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसा नाही. घट्ट, एका बाईने दुसरीचा धरावा तसा. "मी कोणाला सांगणार नाही."

"शपथ घे."

"ताई!"

"बरं, राहू दे."

आता धाकटीला रोज हॉस्पिटलात जाणं भाग होतं, म्हणून थोरलीने सकाळची रजा टाकली. ती पहाटेच वडिलांकडे यायची. त्यांना काखेत हात घालून कसं उठवायचं, कुठल्या पायावर भार द्यायचा नाही, हे तिला वडिलांनीच शिकवलं. पहिल्या दिवशी तिने त्यांना उचलायला जोर केला आणि दोघेही पलंगावर बसले. "गिअरबॉक्स आहे का मी?" ते ओरडले आणि मग इतके हसले, की हाडात कळ आली. ते दिवस चांगले होते. संध्याकाळी थोरली कामावरून पुन्हा तिथेच यायची, धाकटीही यायची, दोघी ओट्यापाशी उभ्या राहून चहा घ्यायच्या. कित्येक वर्षांत एकमेकींशी एवढ्या बोलल्या नव्हत्या.

धाकटीला हा धंदा शिकवला होता तो तिच्या पहिल्या नोकरीतल्या एका सहकाऱ्याने. उंचीमुळे त्याला सगळे लंबू म्हणायचे. आता तो एका प्रसूतिगृहाचं नेटवर्क सांभाळत होता. त्याच्याकडेही तोच कन्सोल, आणि तोही बाहेरून उघडा. धाकटीने दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी त्याला फोन केला आणि एवढंच म्हणाली, "कन्सोल बाहेरून बंद कर. का ते विचारू नकोस." लंबूने विचारलं नाही आणि लगेच बंद केला. पण तोही सज्जनच होता. नेटवर्कवाल्यांचा एक मोठा गट इंटरनेटवर होता, त्यात त्याने मोकळेपणी विचारलं: या कन्सोलबद्दल कोणाला काही कानावर आलंय का? मोठ्या हॉस्पिटलातल्या एका जाणकार बाईने मला तो तातडीने बाहेरून बंद करायला सांगितलंय.

चार-पाच जणांनी त्याचे आभार मानले आणि आपापले कन्सोल बंद केले. आणखी कोणीकोणी ते वाचलं, हे कोण सांगणार?

दुरुस्ती अजून तयार नव्हती, तेव्हा पहिला फोन आला. एका ग्राहकाच्या सगळ्या फायरवॉल रात्रीतून उघडल्या गेल्या होत्या आणि आतले कॉम्प्युटर कोणीतरी कुलूपबंद करून ठेवले होते. मग दुसरा आला, तिसरा आला. काकांनी त्याच सकाळी सगळं जाहीर करून टाकलं: कन्सोल बाहेरून ताबडतोब बंद करा. पत्र कोणी उघडत नाही म्हणून अख्ख्या कंपनीला फोनवर बसवलं. थोरलीही फोन करत होती. तिचा घसा बसला. मधेच कोणीतरी स्क्रीनवर लंबूचा तो प्रश्न दाखवला. 'मोठ्या हॉस्पिटलातली एक जाणकार बाई.' थोरलीने ते वाचलं आणि हातातला रिसीव्हर खाली ठेवला.

काकांच्या केबिनमध्ये ती बसली नाही. उभी राहूनच म्हणाली, "मी सांगितलं होतं. बहिणीला."

काकांनी मान वर केली नाही. "तिचं हॉस्पिटल वाचलं ना?"

"हो."

"माझ्या भावाचा दवाखाना गेला," ते म्हणाले. "रुग्णांची सगळी माहिती गेली. तो माझ्याशी बोलत नाहीये. तुला माहीत असताना तू गप्प बसलास, म्हणतो." मग पुन्हा समोरचे कागद सरळ करायला लागले. "जा, फोन कर. अजून खूप जण राहिलेत."

संध्याकाळी ती वडिलांकडे गेली तेव्हा धाकटी अंधारातच बसली होती. दिवा कोणी लावला नव्हता.

"मी फक्त बंद कर म्हटलं गं. दुसरं एक अक्षर बोलले नाही."

"माहीत आहे."

"त्याच्याकडे बायका बाळंत होतात, ताई. मी कशी गप्प बसणार होते?"

"माहीत आहे," थोरली पुन्हा म्हणाली. तिला धाकटीवर रागावून बघायचं होतं. जमलं नाही. ती स्वतः त्या बाकावर बसली होती, त्या रुमालवाल्या बाईसमोर. तिने जे केलं तेच धाकटीने केलं होतं, आणि लंबूनेही.

आतून वडिलांनी विचारलं, "काय झालं? कुलूप तुटलं का?"

"हो, बाबा," थोरली म्हणाली. "तुटलं."

ज्या ठिकाणी चोर शिरले, त्यांत डोंगराकडच्या एका लहान गावातलं रुग्णवाहिका बोलावण्याचं केंद्र होतं. तिथले कॉम्प्युटर दीड दिवस बंद होते. माणसं फोन उचलून पत्ते हाताने लिहून घेत होती आणि तोंडी सांगून गाड्या पाठवत होती. बहुतेक सगळ्या वेळेवर पोचल्या. एक पोचली नाही. त्या गावात एकाच नावाच्या दोन गल्ल्या होत्या, वरची आणि खालची. गाडी खालच्या गल्लीत गेली. वरच्या गल्लीत एका शिंप्याची बायको छातीत कळ येऊन पडली होती. गाडी शोधत वर पोचली तोवर ती गेली होती. वेळेवर पोचली असती तर जगली असती का, याचं उत्तर डॉक्टरांनी दिलं नाही, आणि देणं शक्यही नव्हतं.

थोरलीने ही बातमी वर्तमानपत्रात वाचली. नोकरी तिने त्याआधीच सोडली होती. कंपनीने तिला काढण्याची वाट तिने पाहिली नाही आणि काकांनी तिला अडवलं नाही. निरोपाच्या दिवशी ते जिन्यापर्यंत तिच्याबरोबर आले, छत्री या हातातून त्या हातात घेतली, आणि परत गेले. पुढे चौकशीत निघालं, की चोरांची एक टोळी थोरलीने तोंड उघडायच्याही आधी एका ठिकाणी शिरलेली होती. म्हणजे कोणाला तरी ते भगदाड आधीच माहीत होतं. पण बाकीचे? रुग्णवाहिका केंद्रात शिरले ते त्याच टोळीतले होते, की लंबूचा प्रश्न वाचून खणायला बसलेले कोणी? तपास करणाऱ्यांनी हात टेकले. काकांनी तिला फोन करून हे कळवलं. "बरं वाटेल म्हणून सांगतोय," ते म्हणाले. तिला बरं वाटलं नाही आणि वाईटही जास्त वाटलं नाही. एवढंच, की आता कधीच कळणार नव्हतं.

तिने आपली खोली सोडली आणि ती वडिलांकडे राहायला आली. धाकटी कामावर जायची आणि थोरली घर बघायची. दोघी बोलायच्या, पण जपून, कढत भांडं हातात असल्यासारख्या. लंबूचं नाव घरात निघत नव्हतं. वडील काठी घेऊन चालायला लागले, तेव्हा एका सकाळी ती धाकटीला म्हणाली, "मी त्या गावाला जाऊन येते."

"कशाला? तो तुला मारेल."

"मारू दे."

"मी येऊ?"

"नको. बाबांची औषधं चुकतील."

शिंप्याचं दुकान म्हणजे रस्त्याला लागून एक खोली होती. दोन मशीन, भिंतीला टांगलेले शाळेचे गणवेश, सगळे एकाच करड्या रंगाचे. तो बुटका, रुंद खांद्यांचा माणूस होता, गळ्यात मोजपट्टी. ती दारात थांबलेली बघून त्याने विचारलं, "माप द्यायचंय?"

"नाही. तुमच्या घरच्यांबद्दल बोलायचं होतं."

त्याने मशीन थांबवलं आणि दुसऱ्या मशीनपुढच्या स्टुलाकडे बोट केलं. ते स्टूल कोणाचं असणार हे लक्षात आल्यामुळे ती बसली नाही. उभ्याउभ्या तिने सांगितलं. कन्सोल वगैरे तिने सोप्या शब्दांत सांगायचा प्रयत्न केला, मधे अडखळली, पुन्हा सुरुवात केली. बहिणीचं सांगितलं. रुमालवाल्या बाईचं सांगितलं नाही. ते सबब दिल्यासारखं वाटलं असतं. शेवटी म्हणाली, "माझ्यामुळेच झालं का, ते मला माहीत नाही. पण माझ्यामुळे झालेलं असू शकतं."

शिंपी मोजपट्टीचं टोक बोटाला गुंडाळत होता. त्याने विचारलं, "म्हणजे त्या दिवशी त्यांचे कॉम्प्युटर बंद होते?"

"हो. कोणी सांगितलं नाही तुम्हाला?"

"सांगितलं असेल. मी ऐकण्याच्या परिस्थितीत नव्हतो." तो उठला, बसला, परत उठला. "गाडी चालवणारी बाई होती. मी तिला नाही नाही ते बोललो. सगळ्या गल्लीसमोर. तू मारलंस तिला, म्हटलं. ती रडत होती, तरी मी थांबलो नाही. आमच्या गावची आहे ती. मला बघितलं की आता रस्ता बदलते."



"तुम्ही चला," तो म्हणाला. "हेच तिला सांगा. मी सांगितलं तर मी मन राखायला बोलतोय असं वाटेल."

त्याने दुकानाचं दार ओढून घेतलं आणि ते निघाले. रस्ता चढाचा होता. तो पुढे आणि ती मागे.  मारण्याच्या, शिव्याशापांच्या तयारीने ती आली होती. हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

केंद्राच्या अंगणात दोन गाड्या उभ्या होत्या. एकीचं मागचं दार उघडं होतं आणि एक जाडजूड बाई बाह्या वर सारून, नळी धरून आतली जमीन धुवत होती. शिंप्याला बघून तिच्या हातातली नळी खाली आली. पाणी तिच्याच बुटांवर पडत राहिलं.

"घाबरू नका," शिंपी म्हणाला. "या बाई लांबून आल्यात. त्यांना सांगायचंय काहीतरी."

थोरलीने दुसऱ्यांदा सगळं सांगितलं. या वेळी थोडक्यात झालं. ड्रायव्हर बाईने नळ बंद केला, ओले हात पँटला पुसले.

"कॉम्प्युटर बंद होते ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "मी इथेच होते. पण पत्ता मी ऐकला तेव्हा वरची की खालची, हे मी परत विचारलं नाही. मला वाटलं खालची, तिकडे म्हातारी माणसं जास्त राहतात, आम्ही नेहमी तिकडेच जातो. विचारायला किती वेळ लागतो? मी विचारलं नाही." ती शिंप्याकडे बघत होती. "तुम्ही बोललात ते काही खोटं नव्हतं."

"खोटं होतं," शिंपी म्हणाला. "मी बोललो ते खोटंच होतं. पत्ता मी सांगितला फोनवर. वरची गल्ली म्हणायला हवं होतं मी. मी नुसतं नाव सांगून फोन टाकला."

 शिंपी तिथल्या दगडी पायरीवर बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ड्रायव्हर बाई आत जाऊन पाण्याचा पेला घेऊन आली. त्याने तो घेतला, पण प्यायला नाही, नुसता धरून बसला. थोरलीही पायरीच्या दुसऱ्या टोकाला टेकली. 

आत फोन वाजला. कोणीतरी खिडकीतून ओरडून पत्ता सांगितला. "नदीकडची शाळा की बाजारातली?" ड्रायव्हर बाईने ओरडून विचारलं. उत्तर आलं. "बाजारातली ना? परत सांग." परत उत्तर आलं. तिने मागचं दार आपटून बंद केलं, पुढे चढून बसली आणि गाडी फाटकातून बाहेर गेली.

शिंप्याने तोंडावरचे हात काढले, पेल्यातलं पाणी एका दमात पिऊन टाकलं आणि तो उठला.

"गणवेश उद्या द्यायचेत," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "तुमचं जेवण झालंय का?"

"नाही."

"मग चला. मला धड काही येत नाही करता. पण होईल काहीतरी."